हिशेबाची हार्ड डिस्क मधूनच नाहीशी होते तेव्हा

मार्चअखेर जवळ येते, विवरणपत्राची तारीख तोंडावर असते आणि नेमक्या अशा वेळी पेढीवरील संगणकाच्या पडद्यावरून हिशेबाचा 'डी' ड्राइव्ह दिसेनासा होतो. टॅली गोठून बसते, कंपनी उघडत नाही, मुनीमजी हवालदिल होतात. कोणीतरी संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो आणि ड्राइव्ह जागच्या जागी परत आलेला दिसतो. सर्वांचा जीव भांड्यात पडतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच घडते. मग आठवडाभर काहीच घडत नाही आणि सगळे जण तो प्रसंग विसरून जातात.

संगणक कायमचा बंद पडला तर निदान तो बंद पडला एवढे तरी निश्चित असते. मधूनच येणारा बिघाड त्याहून त्रासदायक, कारण तंत्रज्ञ आला की डिस्क शहाण्या मुलासारखी वागते. वैद्याच्या दारात पोहोचताच दुखणे थांबावे, तसा हा प्रकार. अशा वेळी आपल्या पेढ्यांवर बहुधा दोनपैकी एक निर्णय होतो. एकतर 'डिस्क गेली' असे म्हणून नवी आणली जाते आणि चार दिवसांनी नवी डिस्कही तशीच नाहीशी होऊ लागते. किंवा 'पुन्हा सुरू केले की चालते ना' म्हणून तसेच रेटले जाते. पहिल्यात पैसे वाया जातात. दुसऱ्यात धोका मोठा आहे. हिशेबाची एक नोंद करताना संगणक एकाच वेळी अनेक ठिकाणी लिहीत असतो; ते लिखाण अर्धवट असताना डिस्क नाहीशी झाली, तर कीर्दीत रक्कम आहे पण खतावणीत नाही, अशी अवस्था होऊ शकते. ती लगेच लक्षात येईलच असे नाही.

प्रस्तुत लेखात या बिघाडाचा माग कसा काढावा, हे क्रमाने पाहू. यातील बरेचसे काम घरातील महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगी करू शकेल. तंत्रज्ञाकडून करून घ्यायचे असले, तरी त्याला कोणते प्रश्न विचारावेत हे मालकाला ठाऊक असलेले बरे.

आधी माल बाहेर काढावा

गोदामात पाणी शिरले तर आपण आधी पोती हलवतो, छप्पर कोठे गळते ते नंतर शोधतो. येथेही तसेच करावे. डिस्क दिसत आहे तोवर तिच्यावरील महत्त्वाचा मजकूर दुसऱ्या, स्वतंत्र डिस्कवर उतरवून घ्यावा. टॅलीची माहिती सर्वप्रथम, मग बिले, करारपत्रे आणि खरेदीखतांच्या स्कॅन प्रती, त्यानंतर घरची छायाचित्रे. लग्नाचे व्हिडिओ आकाराने मोठे असल्यामुळे ते शेवटी घ्यावेत. ते उतरवण्याच्या लांबलेल्या ताणात डिस्क बसली, तर हिशेब आधीच हाती आलेला असतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'सी' आणि 'डी' ही पुष्कळदा एकाच डिस्कची दोन दालने असतात. 'डी'वरचा हिशेब 'सी'वर उतरवला म्हणजे तो सुरक्षित झाला, असे मुळीच नाही. उलट याच गोष्टीतून तपासाचा पहिला धागाही मिळतो. 'सी' व्यवस्थित चालू असताना केवळ 'डी' नाहीसा होत असेल, तर संगणकात दुसरी डिस्क आहे आणि दोष तिच्या मार्गावर आहे. विंडोज ज्या डिस्कवर आहे तीच तुटत असेल, तर मात्र सारा पडदा गोठतो किंवा निळा होतो.

हे उतरवून होईपर्यंत डिस्क दुरुस्त करणारी 'चेकडिस्क' आज्ञा चालवू नये. विंडोज कधी कधी ती स्वतःहून सुचवते. ही आज्ञा डिस्कवरील नोंदींमध्ये फेरफार करते. आजारी डिस्कवर किंवा जोडणी तुटत असताना ती चालवली, तर शाबूत असलेल्या फाइलीही विस्कटण्याचा संभव असतो. तसेच डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडण्याचा विचार असेल, तर ती बिटलॉकरने कुलूपबंद आहे काय, हे आधी पाहावे. अलीकडच्या विंडोजमध्ये हे कुलूप कित्येकदा मालकाच्या नकळत लागलेले असते, आणि दुसऱ्या संगणकावर ती डिस्क ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात किंवा कागदावर आहे याची खात्री करूनच पुढे जावे.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जतन करावी लागतात. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना तर ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीपासून संगणकीय हिशेबाची प्रत रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. त्यामुळे 'डिस्क गेली, हिशेब गेला' हे उत्तर अधिकाऱ्यासमोर चालत नाही.

नोंद ठेवावी

मधूनच येणाऱ्या बिघाडाचा स्वभाव कळण्यासाठी त्याची वेळ कळावी लागते. संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी आणि प्रत्येक वेळी तारीख, घड्याळाची वेळ व त्या क्षणी काय चालू होते ते लिहावे. दुपारच्या उकाड्यातच घडते का? संगणक बराच वेळ न वापरल्यावर परत हात लावताच घडते का? मोठी फाइल उतरवताना? टेबलाला किंवा कॅबिनेटला धक्का लागल्यावर? (आपल्याकडे कॅबिनेटलाच 'सीपीयू' म्हणण्याची पद्धत आहे, आणि तो पायाशी ठेवलेला असल्यामुळे त्याला पाय लागणे ही नित्याचीच गोष्ट.)

आणखी एक गोष्ट कानाने टिपावी. डिस्क नाहीशी झाली त्या क्षणी तिची तबकडी फिरत राहिली, की थांबून पुन्हा फिरू लागली? डेस्कटॉप संगणकातील डिस्कची तबकडी साधारणतः मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. वीज तुटली तर तिचा घूं आवाज उतरत जातो, 'टक्' असा एकच आवाज येतो आणि वीज परत आली की ती नव्याने वेग घेऊ लागते. माहितीची केबल तुटली तर मात्र तबकडी निवांत फिरत राहते. फक्त संगणकाशी तिचे बोलणे बंद होते. या एका फरकावरून अर्धा तपास होतो.

विंडोज स्वतःही एक रोजकीर्द ठेवत असते. 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाच्या खिडकीत 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिस्टिम' उघडल्यास तारीखवार नोंदी दिसतात. वहीतील वेळेशी त्या ताडून पाहाव्यात. क्रमांक १५७ ची नोंद म्हणजे डिस्क अचानक काढली गेली असे संगणकाला वाटले. १२९ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिले नाही म्हणून तिची जोडणी नव्याने सुरू करावी लागली. १५३ म्हणजे एखादे वाचन किंवा लिखाण पुन्हा करून पाहावे लागले. क्रमांक ७ मात्र वेगळ्या जातीचा आहे: तबकडीवरील एखादी जागा खराब झाल्याची ती वर्दी असते. पहिल्या तिन्ही नोंदी वारंवार आहेत आणि ७ एकदाही नाही, असे असेल तर डिस्कवर दोषारोप करण्याची घाई करू नये.

डिस्कच्या पोटातील चार आकडे

प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. या सोयीला 'स्मार्ट' म्हणतात. ती नोंद वाचण्यासाठी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा विनामूल्य मिळणारा जपानी प्रोग्रॅम पुरेसा आहे. तो उघडल्यावर निळ्या चौकटीत 'गुड' असे दिसले की पुष्कळ लोक समाधानाने खिडकी बंद करतात. तेथेच चूक होते. जोडणीच्या दोषाने डिस्क दिवसातून दहा वेळा तुटत असली, तरी ती चौकट निळीच राहू शकते. पाहायचे ते खालच्या यादीतील आकडे. हे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत, म्हणजे अंक आणि इंग्रजी अक्षरे मिसळून दाखवलेले असतात. मेन्यूतून ते दशमान करून घेता येतात.

पहिला आकडा १९९ क्रमांकाच्या ओळीत, 'सीआरसी एरर काउंट' या नावाखाली असतो. संगणक आणि डिस्क एकमेकांकडे माहितीचे गठ्ठे पाठवतात तेव्हा प्रत्येक गठ्ठ्यासोबत एक पडताळणीचा आकडा जातो. वहीच्या पानाखाली बेरीज लिहावी आणि पुढच्याने ती पुन्हा मारून पाहावी, तसे. बेरीज जुळली नाही तर गठ्ठा पुन्हा मागवला जातो आणि हा आकडा एकाने वाढतो. तो वाढणे म्हणजे तबकडी नव्हे, वाट खराब असण्याची खूण. ही वाट म्हणजे बहुतेक वेळा माहितीची केबल.

दुसरा आकडा १२ क्रमांकाच्या ओळीत, 'पॉवर सायकल काउंट'. डिस्कला वीज किती वेळा नव्याने मिळाली, याची ही मोजणी. दिवसातून एकदाच संगणक सुरू करणाऱ्या पेढीवर तो रोज एकाने वाढावा. संगणक बंद न करता तो तीनने वाढला असेल, तर दोन वेळा डिस्कची वीज मधूनच तुटली. १९२ क्रमांकाची ओळ याची साक्षीदार असते, कारण तेथे अवचित वीज गेल्यामुळे वाचनशीर्ष घाईने मागे घ्यावे लागल्याची नोंद होते.

तिसरा आणि चौथा आकडा ५ व १९७ या ओळींतील. खराब झालेल्या जागा बदलून राखीव जागा वापरल्याची संख्या पाचव्या ओळीत, आणि शंकास्पद वाटणाऱ्या, निकाल बाकी असलेल्या जागांची संख्या १९७ मध्ये. हे दोन वाढत असतील तर तबकडीच आजारी आहे. केबल कितीही बदलल्या तरी उपयोग नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. १९९ चा आकडा कधीही शून्यावर परत येत नाही. जुन्या केबलच्या काळातील चुका तेथे कायम राहतात. म्हणून आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतो आहे का, हे पाहावे. संध्याकाळी पेढी वाढवताना चारही आकडे वहीत उतरवावेत, आणि आठवडाभर रोजच्या बाकीशी मिळवून पाहावेत. व्यापाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

केबलकडे आधी पाहावे

संगणकातील डिस्क आज ज्या जोडणीने जोडली जाते तिला 'साटा' म्हणतात. २००३ साली तिचे पहिले मानक आले. तिच्या माहितीच्या केबलला सात आणि विजेच्या जोडणीला पंधरा संपर्कपट्ट्या असतात. केबल लाल, निळी किंवा काळी, बोटभर रुंदीचीही नाही, आणि किमतीने अगदी किरकोळ. म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. परंतु तिच्यातून सेकंदाला सहा अब्ज बिट्स धावतात. एवढ्या वेगाला तारेतील बारीकशी मुरडही अडथळा ठरते. बाजूचे झाकण बसवताना केबल करकचून दुमडली गेली, नीटनेटके दिसावे म्हणून प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधली गेली, तर आतील तारांचे परस्परांतील अंतर बदलते आणि चुका सुरू होतात.

दुसरा दोष टोकाशी असतो. सुरुवातीच्या साटा केबलींना खटका नव्हता. नुसत्या घर्षणावर त्या अडकून राहत. नंतर धातूच्या पट्टीचा खटका आला. आजही पुष्कळ स्वस्त केबली बिनखटक्याच्या येतात. तबकडीच्या आणि पंख्याच्या कंपनाने, दुपारी तापून रात्री निवण्याच्या रोजच्या क्रमाने असे टोक केसभर सरकते. शिवाय ही टोके वारंवार काढघाल करण्यासाठी बनवलेलीच नाहीत. मानकानुसार केबलचे टोक सुमारे पन्नास वेळा जोडण्या-सोडण्यापुरतेच असते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळी दमटपणाने पट्ट्यांवर मळ चढतो, भुसाराच्या आणि कापडाच्या दुकानांत धूळ साचते.

कृती अशी: संगणक बंद करून भिंतीतील प्लग काढावा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा म्हणजे अंगावरील स्थितिक विद्युत निघून जाईल. मग केबलची दोन्ही टोके काढून डिस्कच्या बाजूची प्लॅस्टिकची इंग्रजी एल आकाराची जीभ तुटलेली नाही ना ते पाहावे. खटका असलेली, अर्ध्या मीटरच्या आतील नवी केबल लावावी. मानक एक मीटरपर्यंत परवानगी देते, पण कॅबिनेटमध्ये तेवढी लांबी लागत नाही आणि जास्तीची केबल गुंडाळून ठेवावी लागते. काम झाल्यावर एवढेच करून थांबावे. केबल, पोर्ट, विजेची जोडणी आणि सेटिंग हे सगळे एकाच दिवशी बदलले आणि बिघाड गेला, तर तो कशामुळे गेला हे कधीच कळत नाही. एकावेळी एकच बदल आणि मग वहीतील नोंद.

नव्या केबलनेही १९९ चा आकडा वाढत राहिला, तर तीच केबल मदरबोर्डवरील दुसऱ्या पोर्टात लावून पाहावी.

पोर्टचा दोष अगदी विरळा, पण अशक्य नाही. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेल कंपनीने जाहीर केले की तिच्या नव्या सहा मालिकेतील चिपसेटमध्ये रचनेचा दोष आहे. एका ट्रान्झिस्टरमधून प्रमाणाबाहेर वीज झिरपत असल्यामुळे तीन गिगाबिट वेगाचे साटा पोर्ट काळाच्या ओघात क्षीण होत जाणार होते. सहा गिगाबिटचे दोन पोर्ट मात्र निर्दोष होते. त्या संगणकांत पोर्ट बदलणे हाच तात्पुरता उपाय होता. कंपनीने माल पाठवणे थांबवले, सुधारित चिप बनवली आणि दुरुस्ती व बदलीचा खर्च ७० कोटी डॉलर धरला. आपल्याकडे जुने संगणक दहा-बारा वर्षे वापरात असतात, म्हणून ही हकिकत सांगितली.

विजेचा मार्ग

माझ्या पाहण्यातील एका भुसार पेढीवर हिशेबाची डिस्क रोज दुपारी दोनच्या सुमारास नाहीशी होई. माहितीच्या केबली दोनदा बदलून झाल्या होत्या. १९९ चा आकडा जागचा हलत नव्हता, पण १२ क्रमांकाचा आकडा रोज एकाने जादा वाढत होता. म्हणजे वीज तुटत होती. दोन वाजता काय घडते याचा विचार करता कळले, की त्या वेळी बॅकअप आपोआप सुरू होण्याची व्यवस्था केलेली आहे आणि त्यासाठी झोपलेली दुसरी डिस्क जागी होते. दोन्ही डिस्कना वीज एकाच दुफाट्यातून मिळत होती. थांबलेली तबकडी फिरवायला सुरुवातीचे काही सेकंद १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास वीज लागते. त्या ओढीने दुफाट्याच्या सैल संपर्कावर व्होल्टेज कोसळे आणि शेजारची डिस्क बंद पडे. बॅकअपमुळेच बिघाड, असा तो विचित्र प्रकार होता. दुफाटा काढून पाहिला तेव्हा त्याचे प्लॅस्टिक एका बाजूने तपकिरी झाले होते. दोन्ही डिस्कना एसएमपीएसमधून निघणारी स्वतंत्र जोडणी दिली आणि तो खेळ थांबला.

दुफाट्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे जरूर आहे, कारण येथे प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही. जुन्या चार पिनांच्या मोलेक्स जोडणीतून साटाची जोडणी काढून देणारे स्वस्त तुकडे बाजारात मिळतात. त्यांपैकी ज्यांत तारा प्लॅस्टिकच्या ओतीव ठोकळ्यात गाडलेल्या असतात, त्यांत तारा परस्परांना टेकून जळण्याचे प्रकार जगभर घडले आहेत. मागून झाकण उघडता येते आणि प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते, तो प्रकार त्यामानाने सुरक्षित. शक्य असेल तर दोन्ही टाळावेत.

एसएमपीएसचाही विचार करावा. कॅबिनेटसोबत 'फुकट' आलेला एसएमपीएस हा त्या संगणकातील सर्वांत दुर्लक्षित भाग असतो. डिस्कच्या मोटारीला १२ व्होल्ट आणि तिच्या पाटीला ५ व्होल्ट लागतात. दोहोंत पाच टक्क्यांपर्यंतच कमीजास्त चालते, म्हणजे ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५. काळ्या तारेशी पिवळी तार १२ व्होल्ट देते, लाल तार ५. इलेक्ट्रिशियनकडील मल्टीमीटरने हे संगणक कामात असताना मोजून घ्यावे. रिकाम्या संगणकावरचे माप फसवे असते. भिंतीतील अर्थिंग आणि यूपीएसची बॅटरी याच वेळी तपासून घेतली, तर तंत्रज्ञाची एक फेरी वाचते.

दुकानातील कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरमध्ये 'हार्ड डिस्क नाही' असे मधूनमधून दिसून तो पीं-पीं ओरडत असेल, तर तेथेही आधी १२ व्होल्टचा अडॅप्टर बदलून पाहावा. वर्षानुवर्षे अहोरात्र चाललेला अडॅप्टर क्षीण होतो आणि दोष मात्र डिस्कच्या माथी येतो.

सेटिंग आणि आतील प्रोग्रॅम

चारही आकडे जागचे हलत नाहीत आणि डिस्क तरीही तुटते, अशी अवस्था असल्यास विजेची बचत करणाऱ्या सेटिंगकडे वळावे. विंडोज वीस मिनिटे न वापरलेली डिस्क झोपवते. 'पॉवर ऑप्शन्स'च्या प्रगत भागात 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' येथे शून्य घातल्यास ती कायम जागी राहते. त्याच यादीत 'पीसीआय एक्स्प्रेस'खालील 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद करता येते. एम-टू प्रकारच्या, मदरबोर्डवर पट्टीसारख्या बसणाऱ्या एसएसडींना याचा उपयोग होतो. अशा पट्टीच्या टोकाचा इवलासा स्क्रू सैल नाही ना, आणि ती तापून लाल तर होत नाही ना, हेही पाहावे.

डिस्कच्या आतही एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. त्यातील चुकीचे एक नामांकित उदाहरण क्रुशियल कंपनीच्या एम-फोर एसएसडीचे आहे. ५१८४ तास चालून झाले की ती एसएसडी उत्तर देणे थांबवी. संगणक पुन्हा सुरू केला की पूर्ववत होई आणि तासाभराने परत थांबे. अहोरात्र चालणाऱ्या संगणकावर हे तास २१६ दिवसांत भरतात, दिवसाला दहा तास चालणाऱ्या पेढीवर जवळजवळ दीड वर्षाने. केबल, पोर्ट, एसएमपीएस सारे बदलून थकलेल्या माणसाला याचा थांग लागणे कठीण होते. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने सुधारित फर्मवेअर दिले आणि प्रश्न मिटला. आपल्या डिस्कसाठी असे काही निघाले आहे का, ते निर्मात्याच्या संकेतस्थळावर पाहावे. मात्र फर्मवेअर बदलण्याआधी प्रत काढलेली असलीच पाहिजे.

खरोखर डिस्कच आजारी असेल तर

५ आणि १९७ चे आकडे वाढत असतील किंवा डिस्कमधून पुन्हा पुन्हा 'टक्-टक्-टक्' येत असेल, तर संगणक तत्काळ बंद करावा. 'आणखी एकदा सुरू करून पाहू' हा मोह टाळावा. तबकडी आणि वाचनशीर्ष यांच्यामध्ये केवळ काही नॅनोमीटर अंतर असते. बिघडलेले शीर्ष फिरत्या तबकडीवर घासले तर तेथील माहिती खरवडून जाते आणि ती कोणालाही परत आणता येत नाही. डिस्क घरी उघडू नये. फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना उपाय अजून सांगितला जातो. त्याने आत दव धरते, एवढाच लाभ.

आवाज नाही, पण वाचन अडखळते, अशा डिस्कवरून माहिती काढण्यासाठी जाणता तंत्रज्ञ लिनक्सवरील 'डीडीरेस्क्यू' वापरतो. हा प्रोग्रॅम सहज वाचता येणारा भाग आधी उतरवतो आणि अडचणीच्या जागांकडे शेवटी परत येतो. तंत्रज्ञ साधी कॉपी-पेस्ट करत बसला, तर त्याला हे नाव सुचवावे. टकटकणारी डिस्क मात्र धूळविरहित कक्ष असलेल्या माहिती-पुनर्प्राप्ती केंद्राकडेच द्यावी. खर्चाचा अंदाज आणि गोपनीयतेची हमी लेखी घ्यावी, व माहिती न मिळाल्यास काय आकारणार हे आधीच विचारावे.

निकाल अजून अनिश्चित असेल तर आणखी एक कसोटी आहे. डिस्क बाहेर काढून स्वतःची वीज असलेल्या यूएसबी डॉकवर दोन दिवस चालवावी. तेथे ती एकदाही तुटली नाही, तर दोष बहुतांशी कॅबिनेटमध्येच आहे. तेथेही तुटली, तर डिस्कच बदलावी. लॅपटॉपमध्ये ही कसोटी विशेष उपयोगी, कारण कित्येक लॅपटॉपमध्ये डिस्क कागदासारख्या पातळ फितीने जोडलेली असते आणि ती फीत घड्या पडून झिजते. डिस्क बदलण्यापेक्षा फीत बदलणे पुष्कळ स्वस्त पडते.

हमीच्या मुदतीत डिस्क गेली तर कंपनी नवी डिस्क देते, जुनीवरील माहिती देत नाही. आणि जुनी डिस्क आपल्या ग्राहकांच्या नावांसह, उधारीसह तिच्याकडे जाते. ती चालू अवस्थेत असेल तर पाठवण्यापूर्वी संपूर्ण पुसावी. पुसताच येत नसेल, तर हमीवर पाणी सोडायचे की नाही याचा विचार पेढीच्या माहितीचे मोल पाहून करावा. भंगारवाल्याला तर डिस्क तशी देऊच नये. तबकडीतून आरपार दोन-तीन छिद्रे पाडून ती नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवावी. काचेच्या तबकडीचे तुकडे उडतात, म्हणून लॅपटॉपच्या छोट्या डिस्कला छिद्र पाडताना डोळ्यांवर चष्मा आणि डिस्कवर जाड फडके असावे.